भावाला आतड्याचा कॅन्सर झाला, माझी कोलोनोस्कोपी एआयवालीच हवी का?

प्रश्न : डॉक्टर, मी ऐरोलीला राहते, वय ५२. माझ्या थोरल्या भावाला गेल्या वर्षी, वयाच्या ५४व्या वर्षी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता बरा आहे. त्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघी बहिणींनाही कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, करून घ्यायला सांगितलंय. वाशीच्या एका हॉस्पिटलात ‘एआय कोलोनोस्कोपी’ होते. तिचे वेगळे पैसे पडतात आणि तारीख गणपतीनंतरची मिळतेय. ज्यांनी भावाचं निदान केलं त्या ठाण्यात नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे ते यंत्र नाही, पण ते पुढच्या आठवड्यात या म्हणतात. भाचा इथेच आयटीत आहे. तो म्हणतो, ‘आत्या, आता एआयशिवाय करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.’ माझे मिस्टर म्हणतात, कॉम्प्युटर उगाच काहीतरी दाखवेल आणि डॉक्टर कापत बसतील. मला स्वतःला काहीच त्रास नाही. पोट साफ होतं, रक्त वगैरे पडत नाही. मध्यंतरी थकवा यायचा म्हणून फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ आलं, लोह कमी निघालं. तीन महिने गोळ्या घेतेय. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, नौपाड्याच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि पुढच्या आठवड्यातली तारीख पक्की करून टाका. एआयबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या भाच्याचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. पण आधी तुमच्या पत्राच्या शेवटी आलेल्या त्या हिमोग्लोबिनबद्दल बोलायला हवं. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

पाळी चालू असलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर त्याचं कारण बहुतेक वेळा पाळीत सापडतं. पाळी गेल्यानंतर ते कारण उरत नाही. मग रक्त जातंय कुठून, हे शोधावंच लागतं. जठरातून किंवा आतड्यातून थोडं थोडं रक्त जात असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठी तर याबाबतीत फारच गप्प असतात. तिथे आतडं रुंद असतं आणि मल पातळ असतो, त्यामुळे अडकल्यासारखं वाटत नाही, पोट रोज साफ होतं. रक्त मलात मिसळून जातं आणि बाहेर जाणवतो तो फक्त थकवा. म्हणूनच पाळी गेलेल्या बाईला किंवा कुठल्याही पुरुषाला लोह कमी झाल्याने ॲनिमिया झाला असेल, तर जठराची आणि मोठ्या आतड्याची अशा दोन्ही दुर्बीण तपासण्या करायला सांगतात. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच गुंगीत होतात. फोनवर डॉक्टरांना हे हिमोग्लोबिन नक्की सांगा आणि जठराची दुर्बीणही त्याच दिवशी करायची का, हे विचारा.

तुम्हाला कॅन्सर आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तुमच्यासारख्या कितीतरी जणींना जठरातला साधा व्रण निघतो, गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम निघतो, कधी काहीच निघत नाही. पण न बघता ते ठरवता येत नाही. आणि गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर आलं म्हणजे कारण गेलं असंही होत नाही. ‘बायकांचं रक्त कमीच असतं’ हे वाक्य मी ओपीडीत सतत ऐकते, नातेवाइकांकडून आणि कधी कधी डॉक्टरांकडूनही, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. थकवा हा त्रासच आहे. ‘मला काहीच त्रास नाही’ असं पुन्हा कुणाला सांगू नका.

शिवाय भावाचं. सख्ख्या भावंडाला किंवा आई-वडिलांना साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर आपली पहिली कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा व्हावी आणि पुढे दर पाच वर्षांनी, असं सांगितलं जातं. भावाचं निदान गेल्या वर्षीचं, त्यामुळे हे तुम्हाला आधी कळायचा प्रश्न नव्हता. पण आता दोन वेगवेगळी कारणं तुमच्याकडे एकदम आहेत. गणपतीनंतरची तारीख त्यासाठी फार लांबची आहे.

आता यंत्राकडे वळू.

कोलोनोस्कोपीत दुर्बीण आधी मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत नेतात, आणि खरी पाहणी होते ती बाहेर येताना. त्या वेळी कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर चालू असतं. एआयची यंत्रणा हेच चित्र त्याच क्षणी तपासत राहते आणि पॉलिपसारखं, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या छोट्या गाठीसारखं, काही दिसलं की त्याभोवती चौकट काढते, काही यंत्रं आवाजही करतात. पॉलिपच्या असंख्य चित्रफिती दाखवून तिला हे शिकवलेलं असतं. दुर्बीण चालवणं, आतडं धुणं, पॉलिप काढणं यातलं काहीही ती करत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या यंत्रणेला, ‘जीआय जीनियस’ला, एप्रिल २०२१ मध्ये परवानगी दिली. त्यानंतर फुजीफिल्मच्या ‘कॅड आय’सारख्या इतर यंत्रणाही वापरात आल्या. आमच्या युनिटमध्येही अशी एक आहे, मी ती वापरते.

तिची गरज का वाटली, तेही सांगते. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी केलेल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. पहिल्या वेळी सुमारे २६ टक्के अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणारे पॉलिप, नजरेतून सुटलेले आढळले. सुटलेल्यांत लहान आणि चपटेच जास्त, पण सुटले हे खरं. याची एक मोजपट्टी आहे : शंभर जणांची तपासणी केली तर त्यातल्या किती जणांत डॉक्टरला किमान एक अ‍ॅडिनोमा सापडतो. तिला एडीआर म्हणतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की डॉक्टरचा हा आकडा एका टक्क्याने वाढला तर त्याच्या पेशंटना दोन तपासण्यांच्या मधल्या काळात कॅन्सर होण्याचा धोका साधारण तीन टक्क्यांनी घटतो. म्हणून हा आकडा वाढवणाऱ्या यंत्राकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि चाचण्यांमध्ये तो वाढलाही. २०२०च्या इटलीतल्या चाचणीत ६८५ जण होते. यंत्र असताना ५४.८ टक्के जणांत अ‍ॅडिनोमा सापडले, नसताना ४०.४ टक्क्यांत. २०२३ मध्ये २१ चाचण्यांतल्या १८,२३२ लोकांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा तो फरक ४४ विरुद्ध ३५.९ टक्के असा होता. भाचा जे सांगतोय ते इथून आलेलं आहे, आणि ते खरं आहे.

पण त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट होती. जास्तीचे सापडलेले पॉलिप मुख्यतः बारीक होते. मोठे किंवा धोक्याच्या पायरीवर गेलेले अ‍ॅडिनोमा शोधण्यात यंत्राने ठळक फरक पडला नाही. तसे अ‍ॅडिनोमा डॉक्टरला यंत्राविनाही दिसतात. तुमच्यापुरता अर्थ हा, की लोह कमी होईपर्यंत रक्त गळायचं तर कारण सहसा चार मिलिमीटरचा पॉलिप नसतो. तुमच्या आतड्यात काही असलंच, तर ते स्वच्छ आतड्यात सावकाश बघणाऱ्या डॉक्टरला दिसायला हवं. म्हणून नौपाड्यात यंत्र नसल्यामुळे तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर हुकेल, असं मला वाटत नाही.

आणि यंत्राची मर्यादा मला रोजच्या कामात फार जाणवते. तांदूळ निवडायला शेजारी तीक्ष्ण नजरेची दुसरी बाई बसली, तर सुपात पसरलेल्या दाण्यांतला खडा ती नक्की दाखवेल, पण जो ढीग पसरलाच नाही त्यातला नाही. आतड्याला घड्या असतात, वळणं असतात. घडीच्या मागे दुर्बीण वळवून, पाणी मारून, हवा भरून ती जागा पडद्यावर आणायचं काम हाताचं आहे. डॉक्टर सर्रकन बाहेर आले तर चौकट दिसणार नाही आणि सगळ्यांना वाटेल, काही नव्हतंच. बाहेर येतानाचा हा वेळ पूर्वी किमान सहा मिनिटं धरायचे. अमेरिकेच्या २०२४च्या शिफारशींनी तो आठवर नेला आहे. त्यात पॉलिप काढायला लागणारा वेळ धरत नाहीत.

चाचणीच्या खोलीतलं यश रोजच्या कामात किती उतरतं, हा वेगळाच प्रश्न आहे. स्टॅनफर्डमध्ये यंत्र नेहमीच्या कामात आणलं आणि डॉक्टरांना त्यांच्या पद्धतीने वापरू दिलं, तेव्हा पॉलिप सापडण्यात सुधारणा झाली नाही. हा अभ्यास २०२३चा. पोलंडमधला २०२५चा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. तिथल्या चार केंद्रांत एआय आल्यानंतर डॉक्टरांनी एआयविना केलेल्या तपासण्या आधीच्या तपासण्यांशी ताडून पाहिल्या. अ‍ॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४वर आलं होतं. हे सगळे अनुभवी डॉक्टर. असे मागे वळून केलेले अभ्यास शेवटचा शब्द नसतात, इतर कारणंही असू शकतात. पण चौकटीची वाट बघायची सवय लागली तर नजर आळसावते, ही शक्यता मी स्वतःच्या कामात फार गांभीर्याने घेते. आमच्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींना पहिले काही महिने यंत्र बंद ठेवूनच बसवावं, असा माझा आग्रह असतो.

तज्ज्ञांचंही एकमत नाही. २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या पॅनेलने सरसकट वापराच्या विरोधात सौम्य शिफारस केली. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी बाजूने किंवा विरोधात, कुठलीच शिफारस केली नाही. दोन्हीकडे अडचण तीच : जास्त पॉलिप सापडल्याने पुढे कॅन्सर किती टळतात, हे अजून पुरेसं स्पष्ट नाही. आणि हे आकडे मुख्यतः परदेशातले आहेत. आपल्याकडे पॉलिपचं प्रमाण मुळात कमी, राष्ट्रीय पातळीवर या कॅन्सरसाठी कोलोनोस्कोपीचा कार्यक्रम नाही, बहुतेक लोक काहीतरी त्रास झाल्यावरच येतात. तिथली टक्केवारी ठाण्या-वाशीच्या पेशंटला जशीच्या तशी लावू नये.

तुमच्या मिस्टरांची शंकाही ऐकण्यासारखी आहे. यंत्र बुडबुड्यांवर, मलाच्या कणांवर, साध्या घडीवरही चौकट काढतं. त्यातल्या बहुतेक चौकटी क्षणात जातात, आणि काय खरं ते डॉक्टर ठरवतात. चौकट आली म्हणून कुणी कापत नाही. तरी चाचण्यांमध्ये ज्यांपासून काही धोका नव्हता असे पॉलिपही यंत्रामुळे जास्त काढले गेले, हे खरं आहे. लहान पॉलिप तारेच्या फासाने काढतात, ते पेशंटला कळतही नाही, आणि रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका फार थोडा असतो. थोडा म्हणजे शून्य नव्हे, म्हणून सही करताना तो विचारून घ्यावा. पॉलिप त्याच बैठकीत काढतात, मागाहून परवानगी घेत नाहीत, हे मिस्टरांना आधीच सांगून ठेवा. बाहेर बसलेला नवरा घाबरतो तो याच क्षणी.

मग एआय कधी घ्यावं? दोन्हीकडे डॉक्टर तितकेच चांगले, तारीख सारखीच, पैसे फारसे जास्त नाहीत, असं असेल तर घ्या, मीही घेईन. ॲनिमियाचा उलगडा झाला, आतडं स्वच्छ निघालं आणि पाच वर्षांनी पुन्हा तपासणीला गेलात, तर तेव्हा त्याचा विचार जरूर करा. तोवर यंत्रं सुधारलेली असतील, अभ्यासही पुढे गेलेले असतील. आज मात्र वेगळे पैसे भरून आणि कित्येक आठवडे थांबून ते घेण्यासारखी तुमची परिस्थिती नाही.

नौपाड्याच्या डॉक्टरांना संकोच न करता दोन गोष्टी विचारा. दुर्बीण सीकमपर्यंत पोहोचल्याचा फोटो रिपोर्टमध्ये असेल का? आणि आतडं किती स्वच्छ होतं, याचे गुण लिहाल का? बॉस्टन नावाची एक पद्धत आहे, त्यात आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. प्रत्येक भागाला किमान दोन हवेत. एडीआर विचारलात तरी चालेल, पण आपल्याकडे तो आकडा नोंदवून ठेवणारे डॉक्टर अजून थोडे आहेत, त्यामुळे उत्तर नाही आलं म्हणून डॉक्टर वाईट ठरत नाहीत. या प्रश्नांवर चिडणारे डॉक्टर मात्र मला आवडत नाहीत.

त्या गुणांमधला मोठा वाटा तुमच्या हातात आहे. घाण राहिलेल्या आतड्यात ना डॉक्टरला दिसतं ना यंत्राला, त्यामुळे एआयपेक्षा तपासणीआधीच्या दिवसांतल्या तयारीचा परिणाम कितीतरी मोठा आहे. पहिली गोष्ट लोहाच्या गोळ्या. त्यांनी मल काळा आणि चिकट होतो आणि आतड्याला धरून बसतो. तपासणीच्या साधारण आठवडाभर आधी त्या थांबवतात, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा आजपासूनच. त्याच फोनवर विचारून घ्या. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचंही विचारा, स्वतःहून बंद करू नका.

शेवटचे दोन-तीन दिवस चोथा नको. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, पालेभाज्या, मोड आलेल्या उसळी, शेंगदाणे, तीळ, पेरू, भेंडी, वांगं, टोमॅटो हे सगळं बाजूला ठेवा. मऊ वरणभात, इडली, सालं काढून उकडलेला बटाटा, चालत असेल तर अंडं. सध्या श्रावण आहे म्हणून मुद्दाम लिहिते, उपासाचं खाणं हलकं समजू नका. शेंगदाण्याचं कूट आणि राजगिरा आतड्यात दाणे ठेवून जातात, आणि ते दाणे दुर्बिणीच्या नळीत अडकतात. त्या आठवड्यात सोमवार धरायचाच असेल तर तो नारळपाण्यावर धरा. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे पदार्थ : नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, कुठलंच लाल-जांभळं पेय नको. आत ते रक्तासारखं दिसतं.

जुलाबाची पावडर आपल्याकडे साधारण दोन लिटर पाण्यात कालवून देतात. ती सगळी आदल्या रात्री संपवून टाकायचा मोह होतो, कारण पहाटे उठायला नको वाटतं. तसं करू नका. अर्धी रात्री आणि अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी, असं घेतलं तर आतडं स्पष्टपणे जास्त स्वच्छ राहतं, विशेषतः उजवी बाजू, आणि तुमच्या बाबतीत मला तीच बाजू नीट दिसायला हवी आहे. गार करून आणि लिंबू पिळून घेतली तर पोटात राहते. शेवटी बाहेर पडणारं पाणी फिकट पिवळं, तळ दिसेल इतकं नितळ व्हायला हवं. ते गढूळ असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून सांगा. तपासणीआधीचे दोन तास मात्र पाणीही नाही.

ऐरोलीहून ठाणं जवळ आहे म्हणून त्या सकाळी लोकलने निघू नका. लोकलला शौचालय नसतं, आणि पोट शांत झालंय असं वाटलं तरी ते शांत झालेलं नसतं. रिक्षा किंवा टॅक्सी करा, जास्तीचे कपडे पिशवीत ठेवा. गुंगीमुळे परतताना कुणीतरी सोबत हवंच. भाच्याला सुट्टी घ्यायला सांगा, तुमची इतकी काळजी करतोय तर त्याला ते आवडेलही. त्या दिवशी गाडी चालवणं, कागदांवर सह्या करणं टाळा. पोटात गॅस राहील, तो चालल्यावर सुटतो. घरी गेल्यावर पोटात जोराचं दुखलं, ताप आला किंवा रक्त पडत राहिलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

पॉलिप काढला तर तो पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि पुढची तपासणी कधी, हे त्या रिपोर्टवरून ठरतं. तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटा. आणि काहीच सापडलं नाही, तरी ॲनिमियाचा शोध तिथे थांबवू नका.

एक काम भाच्यासाठी. वडिलांच्या, म्हणजे तुमच्या भावाच्या, फाइलमध्ये एमएमआर किंवा एमएसआय असा शब्द कुठे आहे का, ते त्याने बघावं. कॅन्सरच्या गाठीवर होणारी ही चाचणी आहे. तिच्यातून लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष असण्याची शंका येऊ शकते. तो दोष पक्का झाला तर कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी करावी लागते, बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका वाढलेला असतो, आणि भाच्याची स्वतःची तपासणी चाळिशीपर्यंत थांबत नाही, विशीतच सुरू होते. तुमच्या बहिणीलाही हे लागू आहे. चाचणी झाली नसेल तर ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचे मेणातले तुकडे, ज्यांना ब्लॉक म्हणतात, पॅथॉलॉजी विभागाने सहसा जपून ठेवलेले असतात. त्यांच्यावर ती आजही करता येते. भावाच्या डॉक्टरांना तसं विचारा.